थीटा चाळीस, फाय पंचवीस

सदबा तारींच्या रापणीच्या सव्वीस वह्या
मी दोन महिने टंकत होते
आचऱ्याला, मच्छीमार सोसायटीत,
बर्फाच्या मशीनशेजारच्या खोलीत,
जिथे कीबोर्डलाही सुकटाचा वास लागतो.

बांगडा इतक्या पाट्या, तारली इतक्या,
पेडवे ‘किरकोळ’.
तारखा सगळ्या तिथीने.
एका भाद्रपद वद्य तृतीयेची इंग्रजी तारीख शोधण्यात
अख्खी दुपार मोडली.

मग एका ओळीत आज्ञा लिहिली:
आडव्या अक्षावर आठवडे, आत जाणाऱ्यावर वर्षं,
उभ्यावर बांगडा.
एंटर.

चौकटी-चौकटींचं काहीतरी
पडद्यावर हेलकावत उभं राहिलं.
“जाळां कोणी सुकत घातल्यान?” सदबा म्हणाले.

जाळं नाही हो, म्हटलं, हे तुमचंच अक्षर आहे.
हा दोरा म्हणजे एक साल, हा उंचवटा म्हणजे दसऱ्याचा सुमार.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
सगळ्या सालांतून आरपार गेलेल्या
एका सरळ चराशी बोट नेलं.
“ह्यां काय?”
जून-जुलै. बंदी. शून्य.
“मी शून्य खंय लिवलंय?”

वही उघडली. रकाना कोरा.
“शून्य म्हंजे रापण वडली, पण काय गावाक नाय.
कोरां म्हंजे वडूकच नाय.”

भरलेली शून्यं मी एकेक पुसली,
त्या जागी एनए लिहिलं.
चर गेला, भोक पडलं,
पलीकडचा पांढरा पडदा दिसू लागला.
“हां. आता सुटीसारखां दिसता.”

अजून एक भोक होतं, दोन हजार नऊच्या नोव्हेंबरात,
चार आठवड्यांचं.
शेऱ्यात लिहिलेलं: पर्ससीनवाल्यांशी तंटा. मालवणात तारीख.
शेऱ्याला अक्ष कुठला द्यायचा
हे मदतीच्या पानांत सापडलं नाही.

माझी अडचण वेगळीच होती.
दोन हजार चौदा इतकं माजलं होतं
की त्याच्या पाठीमागची अकरा सालं
गुडूप.
चित्र वळवलं, तर मागची दिसली आणि पुढची दडली.
आमचे सर म्हणतात, त्रिमितीच्या नादी लागू नये,
सपाट रेघा काढाव्यात, कोणी कोणाआड जात नाही.
खरंच आहे त्यांचं.

“फिरव,” सदबा म्हणाले. “सावकाश. होडी वळवतंस तशी.”
तीस. पस्तीस.
“त्या मोठ्या डोंगराआडसून मागचो भायर येता, थंय थांब.”

थांबले.
मग ते बोलत राहिले, माझ्याकडे न बघता:
पाण्याखालचा खडप दिसत नाही, त्याची खूण जमिनीवर असते.
टेकडीआडून देवळाचा कळस सुटला
आणि वडाचा शेंडा घराच्या कोन्यावर बसला
की समजायचं, खाली खडप. जाळं आवर.
सगळंच उघडं दिसलं असतं तर, म्हणाले,
खूण कशाची धरायची?

चौदाच्या खांद्यावरून सत्त्याण्णवचं टोक
नुकतं वर आलं होतं.
त्याच्याही मागे एक. मग आणखी एक, बुटकं.
टोकं एका रांगेत होती, पण रांग तिरकी:
बांगडा सालागणिक
थोडा थोडा उशिरा येत होता.

माझे हात माउसवर तसेच.
“ह्यां आमका ठावक होतां,” सदबा म्हणाले
आणि चहाला गेले.

अहवालात मी सपाट रेघाच दिल्या. सव्वीस,
फिकट ते गडद. सरांना आवडल्या.

परवा सत्ताविसावी वही चाळायला मिळाली.
त्या दिवसाच्या ओळीत बांगडा कोरा,
तारली कोरी,
आणि शेऱ्यात, पाट्या मोजायच्या त्याच निळ्या पेनाने:
थीटा ४०, फाय २५. थंयसून दिसता.