दोन सूत

चरईच्या एका गल्लीत, दोन टॉवरांच्या मधे
हा बंगला अजून आपली जागा धरून आहे.
विलायतेहून आलेल्या नकाशावर बांधलेला:
टोकदार छपरं दोन, त्यांच्या मधे पन्हळ,
कडेने लाकडाची झालर,
आणि बिडाचे खांब, ज्यांच्या पायाशी
ग्लासगोच्या कारखान्याचं नाव
रंगाच्या थरांखाली सुजल्यासारखं.

मालक एझरा चिंचोळकर.
वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं डाय बनवल्या,
केसाच्या जाडीवरून भांडणारा माणूस.
भाऊ अश्दोदला, बहीण दिमोनाला.
बिल्डरचा फोन आला की सांगतात,
"घर आजारी आहे, आत्ता बोलू शकत नाही."

मला बोलावलं होतं खिडक्यांसाठी.
खरवडत गेलो:
वरचा ऑइलपेंट, खाली सरकारी पिवळा,
मग बाटलीहिरवा, मग एक गुलाबी
ज्याची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही.
त्याखाली साग.
रंधा लावला की आजही तेलाचा वास सोडणारा,
जसा काही कालच जहाजातून उतरला.

खिडक्या राहिल्या बाजूला.
पन्हळीखालच्या तुळईत मी बोट घातलं
आणि बोट आत गेलं,
चहात बुडवलेल्या खारीत जावं तसं.

तुळई उतरवली तेव्हा दिसली तिच्या पोटावर
पटाशीच्या कोपऱ्याने कोरलेली मोडी.
मला काही मोडी येत नाही.
माझ्या आज्याला यायची म्हणतात,
पण आज्याबद्दल लोक बरंच काही म्हणतात.

फोटो पाठवला गुप्तेबाईंना,
जन्म जिल्हा कचेरीच्या दप्तरात गेलेला.
रात्री साडेदहाला उत्तर आलं:
"उजवी, सातवी. ह्या बाजूस पाणी मुरेल.
साहेबास सांगितले. साहेब ऐकत नाही."
आणि खाली त्यांची स्वतःची ओळ:
"शुद्धलेखनात कच्चा आहे, पण अक्षर ठाम."

नाव नाही. साल नाही.
नुसती तक्रार, फळीआड झाकलेली,
जिथे साहेबाचा हात पोचणार नाही
आणि सुताराचा पोचेल.

आर्किटेक्ट मृण्मयी म्हणाली, जसं होतं तसंच.
नकाशात पन्हळ सपाट आहे, सपाटच ठेवा.
चूक असली तरी ती त्या काळाची चूक आहे.
बोलली ते खोटं नव्हतं. मी मान हलवली.

ती गेल्यावर तुळईच्या शाबूत टोकाला
दोरी ताणली, माप घेतलं.
सपाट नव्हती.
एक सूत उतार होता पश्चिमेकडे,
नकाशाला न विचारता दिलेला.
एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
त्याला तेवढंच धाडस परवडलं असेल.
पाण्याला तेवढं पुरलं नाही,
पण शंभरेक पावसाळे त्याने ओढून नेले.

नवी तुळई शीळफाट्याच्या अड्ड्यावरून आणली,
कुठल्याशा पाडलेल्या घराची.
तिच्या अंगावर परक्या खिळ्यांची भोकं,
एका भोकात अजून तोरणाचा सुतळीतुकडा.
बसवताना त्याचा एक सूत ठेवला
आणि त्यावर माझा एक.
कागदावर लिहिलं: मूळ नकाशाप्रमाणे.

संध्याकाळी एझराशेठ शिडीवरून वर आले,
त्र्याहत्तरीचे, एकेका पायरीशी वाटाघाट करत.
खिशातून लेव्हल काढली. ठेवली.
बुडबुडा मधून निघाला
आणि पश्चिमेकडे जाऊन थांबला.
ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले,
मी माझ्या पटाशीच्या धारेकडे.
शेजारच्या टॉवरात कुणाचातरी कुकर शिट्टी देत होता.

लेव्हल पुसून खिशात ठेवली त्यांनी.
"गुप्तेबाईंना विचारा," म्हणाले,
"मोडीत दोन कसा काढतात."

उतरताना पुन्हा आठवण केली,
चार नंबरची खिडकी अजून लागत नाही.
खरं आहे.
अजूनही लागत नाही.