मुठीची पडताळणी

पारोळ्याच्या किल्ल्याच्या खंदकाला पाठ लावून
बाजार बसतो.
मी वजनमापं खात्याचा, नवा बदलून आलेला,
बगलेत पितळी वजनांची पेटी,
खिशात यंदाचा शिक्का आणि छोटी हातोडी.

लसणाच्या ढिगापाशी एक दगड जप्त केला.
म्हातारी म्हणाली, हा माझ्या सासऱ्याचा पावशेर.
तोलला, तर नऊ ग्रॅम जास्तच भरला.
पावती फाडलीच. नियम आहे.

पुढे सुपडू भोईची कढई.
शेव सोऱ्यातून उतरते,
तेल क्षणभर गप्प,
मग एकदम सगळं बोलायला लागतं.
तिथला तटाचा दगड इतका काळा
की वाटावं तोफ इथूनच डागली.
वास मात्र ओव्याचा.

"तराजू?"
त्यानं हात वर केला, मूठ उघडली, मिटली.
"पंधराले एक. पोऱ्याले जराशी मोठी."

मी पेटी उघडली.
पहिली मूठ, एकसष्ट ग्रॅम.
दुसरी, एकसष्ट.
तिसरी, दप्तरवाल्या पोराची, चौऱ्याहत्तर.
भोवती माणसं जमली,
कुणी कांदा फोडायचा थांबला.

थांबली नाही ती फक्त पलीकडची कोकिळाबाई.
पुरण भरलेला गोळा तिच्या एका हातावरून दुसऱ्यावर
झुलत, पसरत, कोपराशी पोचला,
पंचाएवढा झाला
आणि पालथ्या खापरावर निजला.
तिच्या हातांवर चटक्यांच्या रेघा,
फूटपट्टीवर असतात तशा,
फक्त अंतरं सारखी नाहीत.

"साहेब, तिना बी पंचनामा करा!"
हशा झाला. सुपडू हसला नाही.
"मना बापनी मूठ मोठी व्हती," तो म्हणाला.
बाप आजारी पडला तेव्हा हा नऊ वर्षांचा,
कढईपेक्षा वीतभर उंच.
बाप बाजेवरून सांगायचा,
दोन भर, एक मोज.
गिऱ्हाईकही तसंच मोजायचं.
कुठल्या साली दोनाची एक झाली,
त्याला आठवत नाही.

माझ्या छापील अर्जात रकाने होते:
साधनाचा प्रकार. बनावट.
मागील पडताळणीचा दिनांक.
मी पेन उघडं धरून उभा.

"खाई ले साहेब, मंग लिख."
कागदात शेव, वर कच्चा कांदा,
मीठ चोळलेली तळणीची मिरची,
लिंबू विचारलं तर संपलेलं.
ही मूठ मी तोलली नाही,
पण पोराच्या मुठीकडे झुकलेली वाटली.
डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीचं,
लवंगी होती.

अर्ज कोराच घडी केला.
दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं,
यावर हा तेलाचा डाग कसला?
आणि लसूणवालीचा दगड
जप्तीच्या कपाटात का नाही,
तेही विचारलं.