चौदा नंबर

सातशे फूट पाण्याखालून काढलं त्याला,
नॉर्वेतल्या एका तळ्यातून,
आणि आधी जहाजाने, मग मालगाडीने
तुकड्यातुकड्यांत आमच्या मॅनिटोबात आणलं.
पहिला हिवाळा नुसता गाळ धुण्यात गेला.
बादलीत कोमट पाणी, दात घासायचे ब्रश
आणि माझ्या बायकोची पिठाची चाळणी,
जी मी तिला अजून परत केलेली नाही.

चाळणीत उरलं ते असं :
शिंपल्यांचा चुरा, थर्मासचं बूच,
आणि एकच हातमोजा, डाव्या हाताचा,
अंगठ्याला रफू केलेला.
रफू बारीक होतं. घाईचं नव्हतं.

बाहेर उणे बत्तीस. हँगरमधला हीटर
म्हाताऱ्यासारखा खोकायचा, आणि आम्ही सगळेच म्हातारे,
त्यामुळे कोण खोकलं ते कळायचं नाही.

रेल्वेच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी,
मला रिव्हेट कळतात.
एकाने बाहेरून ठोकायचं,
दुसऱ्याने आतून ठोकळा दाबून धरायचा.
आत ओरेस्ट असायचा, पंखाच्या पोटात आडवा पडून.
मी त्याला दिसायचो नाही, तो मला.
ठोकून झालं की आतून दोनदा टकटक : बरोबर.
एकदाच टकटक : चुकलं, काढ, पुन्हा कर.
चार वर्षं आम्ही याहून जास्त फारसं बोललो नाही.

एकदा मात्र तीनदा वाजलं.
मी वाकून डोकं आत घातलं.
टॉर्चच्या उजेडात, पत्र्याच्या आतल्या बाजूला,
पेन्सिलीने लिहिलेलं :
एनिड. रात्रपाळी. पाय दुखतात.

तळ्याला सगळं गिळता आलं होतं,
प्रोपेलरची पाती, दोन माणसं, सगळं,
आणि पेन्सिल पुसता आली नव्हती.
तो पत्रा बदलायच्या यादीत होता.
ओरेस्टने बदलू दिला नाही.
आता तो आत आहे, वरून रंग आहे,
कुणाला दिसणार नाही.

नाकावरचं काम वाल्ट्राउटकडे.
दुकानांच्या पाट्या रंगवण्यात आयुष्य गेलं तिचं,
विनिपेगच्या अर्ध्याअधिक बेकऱ्यांची नावं तिच्या हातची.
जुन्या फोटोत होते तसे बॉम्ब काढायचे होते,
पिवळे, बोटाएवढे, फेरीला एक, असे तेवीस.
तिने फेऱ्यांची यादी मागितली.
तारखा, गावं.
खुणा काढायला गावं कशाला लागतात,
असं मी विचारलं नाही.

तेरापर्यंत हात असा चालला
की जणू पावांच्या किमती लिहितेय.
मग ती शिडीवरून उतरली.
ब्रश धुतला. धुतलेलाच पुन्हा धुतला.
चहा घेतला, साखर न घालताच ढवळत बसली.

‘तळघरात आम्ही अकराजण होतो,’ म्हणाली,
‘आणि एक कोंबडी.’
बऱ्याच वेळाने :
‘कोंबडीने त्या रात्री अंडं दिलं.’
ती हसली. आम्हाला
तोंडाचं काय करावं ते कळेना.
माझा थोरला भाऊ असल्याच विमानात शेपटीकडे बसायचा.
तो परत आला होता, आणि जेवताना
दाराकडे पाठ करून कधी बसला नाही.
हे मी तिला सांगणार होतो. चहा संपला.

ती वर चढली. चौदावा काढला.
मागे झुकून बघितलं.
‘हा जरा वाकडा आलाय.’
‘पुसून देऊ?’ ओरेस्टने विचारलं.
‘नको,’ म्हणाली, ‘राहू दे.’
आणि पंधरावा सुरू केला.

उद्घाटनाला बँड होता, केक होता,
शाळेची पोरं पंखाखाली पळापळ करत होती.
वाल्ट्राउट आली नाही, तिच्या दाढेचं काहीतरी होतं.
ओरेस्ट गेल्या मार्चात गेला.

रात्री दिवे मालवणं माझ्याकडे.
हीटर खोकतो, आणि आता कळतं, तोच खोकला.
जाता जाता पंखावर दोनदा टकटक करतो,
सवय आहे.
मग नाकाखाली येतो, हात वर करतो.
पोचत नाही.
पोचला असता तरी
एकदा की दोनदा,
ते माझं अजून ठरलेलं नाही.