पासिंग प्लेस

इन्व्हरनेसला भाड्याची गाडी घेतली
तेव्हाच उजव्या आरशावर चरा होता.
तू तीन बाजूंनी फोटो काढलेस त्याचे, तारखेसकट.
मी म्हटलं, लग्नाच्या दिवशी आपणही
एकमेकांचे असे फोटो काढून ठेवायला हवे होते,
कुठला चरा आधीचा, कुठला नंतरचा.
तू हसलास. उल्लापूलपर्यंत हसत होतास.

तिथून पुढे रस्ता एकेरी.
म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांत मिळून एकच,
मध्येच कुठे पोट सुटल्यासारखा रुंद,
आणि तिथे पांढरी पाटी: पासिंग प्लेस.
समोरून कुणी आलं तर ज्याला ती जवळ त्यानं थांबायचं,
जाणाऱ्यानं स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं.
बास. एवढेच आभार.
आपल्याकडे असतं तर, तू म्हणालास,
एव्हाना दोघं खाली उतरून एकमेकांची आई काढत असते.

भटजी मिळाले नव्हते.
एडिंबरात एक होते, त्यांची त्याच दिवशी ग्लासगोत वास्तुशांत.
म्हणून शर्वाणीची मंगलाष्टकं माझ्या गळ्यात,
आणि तुला माझी चाल पटेना.
तुझ्या आजोळची चाल रडकी.
तुमच्याकडची बँडवाल्यांची.
वीस मैल आपण चालीवर भांडलो,
मग तू सोडलेल्या नोकरीवर, मी न सोडलेल्या नोकरीवर,
त्या डॉक्टरकडे परत न जाण्यावर,
आणि वळणावर मेंढ्या.

रस्त्याच्या मधोमध, रवंथ करत, निवांत.
तू ब्रेक दाबलास. मांडीवरचा डबा उडाला.
सगळ्या अक्षता पायाखाली.
मग दोघं वाकून, दिवे लुकलुकत ठेवून,
कुंकवाचा एकेक तांदूळ वेचत बसलो.
बोललो नाही.
मेंढ्या बघत होत्या.

लग्न लॉकइन्व्हरच्या हॉलमध्ये,
जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा.
कॅलम किल्टमध्ये, डोक्याला मुंडावळ्या,
आणि अंतरपाट घरीच राहिलेला.
गेस्ट हाउसच्या मिसेस मॅकॉलेनं पांढरी चादर दिली,
कडक इस्त्री करून.
कॅलमच्या आजीनं विचारलं, हा पडदा कशाला?
सांगितलं, क्षणभर एकमेकांना दिसू नये म्हणून.
ती म्हणाली, नंतरही मिळतो का?

चादरीचं एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या.
आपलं रजिस्टर झालेलं, अकरा वर्षांपूर्वी,
एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी,
दोन सह्या, तीन साक्षीदार, मग मिसळ.
आपल्या मध्ये कुणी काही धरलं नव्हतं.

गाता गाता ध्यानात आलं,
पाटाच्या अलीकडची पलीकडच्याला दिसत नाही.
धरणारे मात्र समोरासमोर.
एका चादरीच्या अंतरावर तू,
दंड भरून आलेला, उजवा खांदा वर,
कानाशी पांढरं झालेलं, मला माहीत नसलेलं.
तिसरं कडवं मी विसरले.
पहिलंच पुन्हा म्हटलं, तुझ्या चालीत.
कुणाला कळलं नाही.
तुझ्या बाजूची चादर तेवढी हलली.

सावधान म्हटल्यावर सगळे टाळ्या वाजवायला लागले,
मीच म्हटलं, थांबा, अजून आहे.

परतीला धुकं. समोरून मासळीचा ट्रक.
रुंद जागा त्याला जवळ होती,
तरी तूच गाडी मागे घेतलीस,
त्या चरा पडलेल्या आरशात बघत, हळूहळू, बरीच लांब.
ट्रकवाल्यानं बोट उचललं. तूही.
मग मीही उचललं,
कुणासाठी ते न ठरवता.

इन्व्हरनेसला त्या पोरानं टॉर्च मारून गाडी तपासली.
म्हणाला, चरा जुनाच आहे, त्याचं काही नाही.
तांदळाचे पंचवीस पौंड होतील.