शेवटचं प्रकरण

मुलांच्या कादंबरीत मी होतूला
कराचीच्या बोटीत बसवलं,
देवळालीच्या बराकीत उतरवलं.
दारावर खडूनं आकडा: एकशे सतरा.
पुढे अडले.
स्वातंत्र्य कितव्या पानावर येतं?

खरे होतचंदकाका, कापडाच्या दुकानात
लाकडी गजानं पाठ खाजवत म्हणाले,
"झेंडावंदन? तेव्हा मला ताप होता.

लिमलेटच्या गोळ्या विकायचो
नाशिकरोडच्या फलाटावर.
हाक एकच: ए निर्वाश्या!
एकदा मनमाडला गेलो,
सुट्ट्या पैशांवरून भांडलो,
तर तो खेकसला,
'तुम्ही नाशिकवाले सगळे असलेच!'

मार खाल्ला, बाई, चांगलाच.
पण परतताना
उरलेली बरणी
डब्यात फुकट वाटली."

मी वही मिटली.
काका गिऱ्हाईकाशी भांडू लागले,
अस्सल नाशकी मराठीत.