सातवी खिडकी

छपरावर चढण्याआधी हेडली क्लटरबक बूट काढतो.
दगडी कौलांना टाचा सोसत नाहीत, म्हणतो.
वळचणीला हातभर रुंद,
आढ्याकडे जाता जाता तळव्याएवढी.
प्रत्येक मापाला त्याच्या आजोबांच्या वेळचं एक नाव.
नावं तो मला सांगत नाही.
"आधी उचलायला शीक."

ही कौलं छिन्नीने फोडलेली नाहीत.
खाणीतला दगड ओला ठेवायचा
आणि जानेवारीची वाट बघायची.
गोठवणारी रात्र आली की गावात घंटा व्हायची,
माणसं कंदील घेऊन शेतात,
पसरलेल्या दगडांवर पाणी ओतत.
आतल्या पाण्याचा बर्फ व्हायचा
आणि दगड सुटायचा,
भिजून वाळलेल्या वहीसारखा.
थंडी हुकली त्या साली
कुणाचं घर शाकारलं गेलं नाही.

भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती,
मधे खडी, चुना, कुणाच्या तरी बैलाचे केस.
आणि दर चार हातांवर एक लांब दगड आरपार,
दोघींना एकमेकींपासून पडू न देणारा.

मावळतीच्या भिंतीत एक खिडकी आहे,
म्हणजे चौकट आहे. खिडक्यांवर कर होता तेव्हा
सातवी नको म्हणून कुणीतरी ती चिणली.
एनिड टफ्ली, वय त्र्याऐंशी, म्हणाली, उघडा.
"त्या बाजूने माझा नवरा मेंढरं आणायचा.
चाळीस वर्षं नुसता ऐकू आला."

कौन्सिलचा माणूस आला, फोटो काढले.
चिणलेले दगडही अडीचशे वर्षांचे, म्हणाला,
हात लावता येणार नाही.
एनिड हसली. "म्हणजे अंधारसुद्धा सरकारी यादीत?"
त्याने मान हलवली. चहा घेतला.

सांधे भरायची परवानगी मात्र होती.
हेडलीने जुना, भुगा झालेला चुना खरवडला,
एका सांध्यात जरा जास्तच आत गेला.
साडेतीनला बोटाएवढा उजेड
पिठाच्या डब्यावर येऊन थांबला.

मी चुना कालवायला घेतला.
"ठेव तो," हेडली म्हणाला,
"आज रात्री गोठणार आहे. थंडीत चुना धरत नाही.
मार्चपर्यंत थांबावं लागेल."
"आणि मार्चमध्ये?"
तो बूट घालत होता.
"मार्चमध्ये मला चर्चचं काम आहे."

एनिडने खुर्ची सरकवली,
डबा मात्र होता तिथेच ठेवला.