पासष्ट सेंटिमीटर

जूनची थंडी. वालपाराइसोच्या बंदरात
भोंगे ऐकू येतात, जहाजं दिसत नाहीत.
तळघरातल्या माझ्या खोलीत झाकणाची बादली येते.
चिकटपट्टीवर ओघळलेली शाई :
कार्कामो, नोल्बेर्तो. वय अठ्ठावन्न.
लहान आतडं. तातडीचं.

वरच्या मजल्यावर तीन आठवडे
सगळे फुप्फुसांकडे बघत होते.
ऑक्सिजनचे आकडे, पालथं घालणं, उताणं करणं,
पुन्हा पालथं.
पोट कुणाच्या हिशेबात नव्हतं.
आणि घशात नळी असलेला माणूस
दुखतंय म्हणणार तरी कसा?

रात्रपाळीच्या एदुविना पाइनेमालनं
त्याला कुशीवर वळवताना हात ठेवला.
हे पोट ताणलंय, ती म्हणाली.
झोपेच्या औषधानं आतडी सुस्तावतात, डॉक्टर म्हणाले.
असेल. पण काल असं नव्हतं.

एवढ्या एका वाक्यावर
पहाटे तीनला पोट उघडलं.

मी हातमोजे चढवते, पट्टी लावते.
पासष्ट सेंटिमीटर.
लांबी लिहिणं माझं काम, हळहळणं नाही.
रंग वांग्याचा. मधे वीतभर हिरवट.
एका जागी भोक, मसुराएवढं.
आत नळीतून भरवलेलं पांढरं पातळ अन्न,
न पचलेलं, कालचं.
ते मी अहवालात लिहीत नाही.

भिंगाखाली मोठ्या वाहिन्या मोकळ्या.
बारीक तेवढ्या बुजलेल्या, केसासारख्या,
एकेकीत रक्ताची गुठळी
दारात अडकलेल्या पाहुण्यासारखी.
विषाणू इथवर आला होता,
की लांबूनच रक्त नासवून गेला?
माहीत नाही.
असे किती पाहिलेत, वरून विचारतात.
या साथीत हा दुसरा.
दोनावरून मी काय सांगू?

दुपारी फोन. एदुविना.
"पोट उघडंच ठेवलंय, उद्या पुन्हा आत बघणार.
कडा जिवंत आहेत का, बाई?"
वरची आहे, मी म्हणते. खालची... थांब जरा.
ती थांबते.
तिच्या बाजूनं यंत्राचा श्वास ऐकू येतो,
मोजून घेतलेला, मोजून सोडलेला.
माझाही त्याच्या तालावर जायला लागतो
आणि मी काच सरकवते.
खालचीही. जेमतेम.
"जेमतेम चालेल."
फोन बंद.

आतड्याचं माणूस म्हणावं
असं आमच्यात काही नव्हतं.
तो ट्रॉलीबस चालवायचा, हे मला
फॉर्मच्या मागच्या बाजूला कळलं.
पुढचं कागद सांगत नाहीत.
एदुविनाची बदली झाली. मीही विचारलं नाही.
खरं तर एकदा जिन्यापर्यंत गेले होते.

पुढच्या एप्रिलात, वळणावर,
बसचा दांडा तारेवरून निसटला. दिवे गेले.
ड्रायव्हर खाली उतरला, दोरी ओढून
दांडा तारेला लावायला लागला.
एकदा चुकला. दुसऱ्यांदाही.
मग खांबाला टेकून त्यानं दम खाल्ला, बराच वेळ.
कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली
तीन नवी भोकं.
मागून कुणीतरी ओरडलं, उशीर होतोय.

नाव विचारता आलं असतं.
दिवे आले. तो आपल्या जागेवर बसला,
कागदातला पावाचा तुकडा काढला,
आणि पुढचा सिग्नल हिरवा होईपर्यंत
तो एकच घास
चावत राहिला.